छोट्या प्लांटेड टँकमध्ये नकळत आलेल्या गोगलगायींचा बंदोबस्त

दुकानातून आणलेल्या वनस्पती टाकीत लावल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत काचेवर इवल्याशा गोगलगायी दिसू लागतात आणि पाहता पाहता त्यांची संख्या मोजण्यापलीकडे जाते. प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची काचेची टाकी, ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हा अनुभव येतो आणि त्यावर सहसा पहिला सल्ला मिळतो तो औषधाचा. माझे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. गोगलगायी आल्या कुठून, याचे उत्तर वनस्पतींत सापडते. पण त्या इतक्या वाढल्या कशामुळे, याचे उत्तर माशांच्या खाण्याच्या डबीत असते. म्हणून बंदोबस्ताची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी. पुढील माहिती दीड ते दोन फुटी टाकी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. १८ इंच लांब, १० इंच रुंद आणि १२ इंच उंच टाकीत काठोकाठ भरले तरी सुमारे ३५ लिटरच पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात ते आणखी कमी भरते. इतक्या थोड्या पाण्यात कोणतीही चूक फार लवकर अंगाशी येते, हे प्रत्येक उपाय निवडताना लक्षात ठेवावे.

आधी ओळख पटवावी

टाकीचा दिवा मालवल्यावर तास-दीड तासाने टॉर्च लावून पाहिले, तर दिवसा लपून राहणाऱ्या गोगलगायीही काचेवर आणि पानांवर आलेल्या दिसतात. त्यांतील एक मोठी गोगलगाय अलगद बाहेर काढून पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात ठेवावी आणि शंखाचे टोक वर व तोंड आपल्याकडे येईल अशा बेताने तिला धरून पाहावे. तोंड आपल्या डाव्या हाताला आले, शंख पातळ, तपकिरी व काहीसा पारदर्शक असला आणि डोक्यावरची शिंगे लांब व बारीक असली, तर ती ब्लॅडर स्नेल, म्हणजेच फायसेला अक्युटा होय. ही जात मूळची उत्तर अमेरिकेतील असून आज जगभरच्या गोड्या पाण्यात पसरली आहे आणि वनस्पतींबरोबर घरात येणाऱ्यांत तिचा नंबर बहुधा पहिला लागतो. तोंड उजव्या हाताला आले आणि शिंगे रुंद, त्रिकोणी दिसली, तर ती लिम्निया कुळातील तळ्यातली गोगलगाय समजावी. या दोघींतला फरक ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण पहिली टाकीतल्या निरोगी वनस्पतींना जवळपास हातही लावत नाही, तर दुसरी कोवळी पाने खुशाल खाते.

शंख चपटा आणि एकाच पातळीत गुंडाळलेला असेल, तर ती रॅम्सहॉर्न. आपल्याकडच्या तळ्यांत आणि संथ पाण्यात आढळणारी इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस ही याच गटातली. दुकानात मिळणाऱ्या लाल-गुलाबी रॅम्सहॉर्न मात्र बहुधा परदेशी जातीच्या असतात. या गटाच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, त्यामुळे कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही त्या तग धरतात.

चौथा प्रकार सर्वांत चिवट. लांबट, निमुळता, दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत वाढणारा शंख, तोंडावर घट्ट बसणारे झाकण आणि दिवसभर वाळूत मुक्काम, ही ट्रम्पेट स्नेलची, म्हणजे मेलानॉइडिस ट्यूबरक्युलाटाची लक्षणे. ती अंडी घालत नाही. पिल्ले मादीच्या शरीरातच वाढतात आणि एक-दोन मिलिमीटरची झाली की बाहेर येतात. त्यासाठी नराची गरज नसते, म्हणून वाळूत चुकून राहिलेली एकच मादी पुन्हा सगळा संसार उभा करू शकते. ही जात भारतात मूळचीच आहे. टाकी पूर्ण रिकामी करून वाळू बदलल्याशिवाय ती संपूर्णपणे जात नाही, आणि हे सत्य आधीच स्वीकारले तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

ब्लॅडर स्नेलची अंडी लांबट, पारदर्शक, बुळबुळीत पुंजक्यांत असतात. रॅम्सहॉर्नची अंडी चपट्या, गोलसर चकतीत दिसतात. अॅन्यूबियाससारख्या रुंद पानाची मागची बाजू, फिल्टरच्या नळीचा सांधा आणि वरच्या काचेची कड या त्यांच्या आवडीच्या जागा. पान उजेडाकडे धरून तिरके पाहिले की पुंजक्यातला एकेक ठिपका वेगळा दिसतो, आणि अंडी जुनी असतील तर त्या ठिपक्यात हलणारे पिल्लूही ओळखता येते. अंडी साधारण एक ते दोन आठवड्यांत फुटतात. एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी तिशीच्या वर गेले, की त्याहूनही लवकर. आपण हौसेने नेराइट गोगलगाय आणली असेल आणि लाकडावर तिळासारखे कडक पांढरे ठिपके दिसत असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. नेराइटची अंडी गोड्या पाण्यात वाढत नाहीत.

पानांची भोके आणि गोगलगायींवरचा आळ

जुन्या पानांवर बारीक भोके पडलेली दिसली आणि भोकाच्या कडेला गोगलगाय बसलेली असली, की दोष तिच्या माथी मारला जातो. पुष्कळदा खरे कारण पोटॅशियमची कमतरता हे असते. हायग्रोफिला आणि जावा फर्न या वनस्पतींमध्ये हे विशेष दिसते: आधी जुन्या पानावर छोटा काळसर किंवा पिवळट ठिपका येतो, मग तो भाग मरतो, आणि मेलेला भाग खायला गोगलगाय नंतर तिथे पोहोचते. भोके फक्त जुन्या पानांना असतील आणि शेंड्याची नवी पाने धड असतील, तर गोगलगायी वेचत बसण्याऐवजी खत तपासावे. उलट शेंड्याची कोवळी पानेच कुरतडलेली दिसत असतील, तर लिम्निया किंवा तळ्यातल्या मोठ्या शंखगोगलगायीचे, म्हणजे पिलाचे, एखादे पिल्लू टाकीत आहे का ते शोधावे. अशा गोगलगायी मात्र दिसताक्षणी काढाव्यात. त्यांच्या बाबतीत थांबण्यात काही अर्थ नाही.

बाकीच्या जाती शेवाळ, सडकी पाने, मेलेला मासा आणि तळाशी पडलेले खाणे खातात. थोड्या संख्येने त्या राहिल्या तर टाकीचे भलेच होते, आणि ट्रम्पेट स्नेल तर वाळू सतत खालीवर करून ती घट्ट बसू देत नाही. म्हणून पाच-दहा गोगलगायी दिसणाऱ्या, पाणी स्वच्छ असलेल्या टाकीत मी काहीही करू नये असेच सांगेन.

खाणे मोजून देणे, हाच खरा उपाय

गोगलगायींची संख्या टाकीतल्या शिल्लक अन्नाइतकी वाढते. रोज शंभर वेचल्या आणि खाणे तितकेच पडत राहिले, तर उरलेल्यांना प्रत्येकी जास्त अन्न मिळते, त्या जास्त अंडी घालतात आणि आपली मेहनत फुकट जाते. म्हणून वेचण्याआधी खाणे कमी करावे.

निऑन टेट्रा, गप्पी किंवा रासबोरासारख्या दहा-बारा लहान माशांना दिवसातून एकदा, दीड-दोन मिनिटांत वरच्यावर संपेल एवढेच खाणे पुरते. त्यातला एकही दाणा तळाशी पोहोचता कामा नये. पहिल्या दिवशी बाजूला खुर्ची टाकून बसावे, चिमटीत जेवढे येते त्याच्या निम्मे टाकावे आणि मासे काय करतात ते पाहावे. आपण आजवर किती जास्त टाकत होतो हे त्या दोन मिनिटांत कळते. आठवड्यातून एक दिवस मोठ्या माशांना उपास घडला तर त्यांचे काहीही बिघडत नाही. टाकीत गप्पीची नुकती जन्मलेली पिल्ले असतील तर हा नियम लावू नये, त्यांना थोडे थोडे करून अनेकदा द्यावेच लागते. शक्य असल्यास त्यांना वेगळ्या भांड्यात वाढवावे. तळाशी राहणाऱ्या कोरीडोरससाठी गोळी टाकत असाल, तर ती दिवा मालवताना टाकावी आणि दोन तासांनी उरलेला तुकडा चिमट्याने उचलून घ्यावा.

घरात माणसे जास्त असली की खाणे घालणारे हातही जास्त असतात. सकाळी आजोबा घालतात, शाळेतून आल्यावर नातवंडे घालतात आणि रात्री पुन्हा कोणीतरी, कारण मासे प्रत्येकाला पाहून वर येतात. यावर सांगून फारसा फरक पडत नाही. औषधाच्या गोळ्यांसाठी मिळते तशी सात खणांची डबी आणून आठवड्याचे खाणे तिच्यात भरून ठेवावे आणि मोठा डबा कपाटात बंद करावा. आजचा खण रिकामा असेल तर मासे जेवले, एवढे सर्वांना समजते. गणपतीला किंवा दिवाळीत गावी जाताना टाकीत विरघळणारी पांढरी खाण्याची वडी टाकून जाण्याची पद्धत तर मोडूनच टाकावी. निरोगी मोठे मासे आठवडाभर न खाता राहतात, आणि त्या वडीचा मोठा वाटा गोगलगायींच्याच पोटात जातो.

खाण्याबरोबर टाकीतली इतर रसदही तोडावी लागते. पिवळी पडलेली पाने देठापासून कापून काढावीत. क्रिप्टोकोराइन नव्याने लावल्यावर तिची पाने अनेकदा विरघळून जातात. ती तशीच ठेवली की गोगलगायींची पंगत बसते. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलताना सायफनची, म्हणजे पाणी व तळाची घाण ओढून काढणारी नळी वाळूच्या पृष्ठभागावरून फिरवावी, मात्र मुळांच्या जवळ ती खोल खुपसू नये. काचेवर हिरवे शेवाळ साचत असेल तर दिव्याची वेळ सात-आठ तासांवर आणावी.

फरक लगेच दिसत नाही. आधीच्या गोगलगायी जिवंत असतात आणि घातलेली अंडी फुटायची असतात, त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे संख्या उलट वाढल्यासारखी वाटते आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. यासाठी एक साधी मोजणी ठेवावी: दर रविवारी रात्री, दिवा मालवल्यावर ठरलेल्या वेळाने, फक्त पुढच्या काचेवरच्या गोगलगायी मोजून आकडा लिहावा. दीड-दोन महिन्यांत आकडा उतरताना दिसला पाहिजे. तो उतरत नसेल, तर अन्न अजून कुठून तरी पडते आहे असे समजून त्याचा शोध घ्यावा; फिल्टरच्या डब्यात किंवा लाकडामागे एखादा मेलेला मासा अडकलेला असणे हे नेहमीचे कारण आहे.

वेचण्याची रीत

खाण्याला लगाम घातल्यावर वेचण्याला अर्थ येतो. सर्वांत उपयोगी आमिष म्हणजे काकडी. बोटभर जाडीची चकती उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून थंड करावी, स्टीलच्या चमच्याच्या दांड्यात खोचावी म्हणजे ती तळाशी बसते, आणि दिवा मालवताना टाकीत ठेवावी. पहाटे दिवा न लावता, हळूच चमच्यासकट उचलावी. पालकाचे उकडलेले पानही चालते, पण ते फाटून टाकीभर पसरते, म्हणून मला काकडीच बरी वाटते. चकती दुसऱ्या दिवशीपर्यंत टाकीत राहू देऊ नये, नाहीतर आपणच गोगलगायींना जेवण वाढल्यासारखे होते.

ट्रम्पेट स्नेलसाठी बाटलीचा सापळा जास्त कामी येतो. अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवावा, आत खाण्याची एक गोळी आणि बुडण्यापुरते चार-पाच खडे टाकावेत आणि बाटली वाळूला टेकून आडवी ठेवावी. चेरी श्रिम्प, म्हणजे छोट्या शोभेच्या कोळंब्या, असलेल्या टाकीत श्रिम्पही आत शिरतात, तेव्हा सकाळी सर्व एकदम फेकून न देता आधी बशीत ओतून पाहावे.

ब्लॅडर स्नेल काचेवरच बोटाने चिरडून टाकली तर बहुतेक मासे ती आनंदाने खातात. थोड्या संख्येपुरते हे ठीक आहे. एकाच वेळी पन्नास चिरडल्या आणि मासे दहाच असले, तर उरलेले मांस कुजते. अंड्यांचे पुंजके जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने खरवडून सायफनने ओढून घ्यावेत, कारण नुसते खरवडले तर ते खाली पडून तिथेही फुटतात. काठावर टांगलेला, धबधब्यासारखे पाणी सोडणारा वॉटरफॉल फिल्टर असेल तर त्याचा डबाही उघडून पाहावा. तिथे मासे पोहोचत नसल्याने पिल्ले निर्धास्त वाढतात आणि मोठी झाली की पंख्यात अडकून मोटर बंद पाडतात. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला स्पंज लावला की ही वाट बंद होते. स्पंज धुताना टाकीतून काढलेलेच पाणी वापरावे, नळाचे नव्हे. क्लोरीनमुळे त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

गोगलगायी खाणारे प्राणी आणावेत का?

असॅसिन स्नेल, म्हणजे इतर गोगलगायी खाणारी अनेन्टोम हेलेना, ही एवढ्या टाकीसाठी त्यातल्या त्यात योग्य निवड आहे. ती ट्रम्पेट स्नेललाही खाते आणि तिची स्वतःची वाढ सावकाश होते. दोन-तीन आणून ठेवल्या तर परिणाम दिसायला काही महिने लागतात. नेराइट किंवा मिस्टरी स्नेल हौसेने पाळली असेल तर असॅसिन आणू नये. ती भेदभाव करत नाही.

लोच माशांचा सल्ला दुकानात नेहमी मिळतो. क्लाउन लोच एक फुटापर्यंत वाढतो, त्यामुळे छोट्या टाकीसाठी तो विचारातही घेऊ नये. झेब्रा लोच, म्हणजे बोटिया स्ट्रायाटा, हा आपल्या सह्याद्रीतला, कृष्णा खोऱ्यातला मासा. तो लहान असला तरी त्याला पाच-सहांच्या थव्यात आणि मोठ्या टाकीत ठेवावे लागते, आणि निसर्गात त्याचे अस्तित्व धोक्यात आलेले आहे. गोगलगायी संपवण्यापुरता त्याला आणणे मला पटत नाही. केरळकडचा पी पफर गोगलगायी आवडीने खातो, पण इतर माशांचे पर कुरतडतो. त्याला स्वतंत्र टाकीच हवी. कोणताही प्राणी तो स्वतः आपल्याला पाळायचा असेल आणि त्याची जन्मभराची सोय होत असेल, तरच आणावा.

औषध का नको

गोगलगायी मारणाऱ्या बहुतेक द्रावणांत तांबे असते. तांब्याने गोगलगायी मरतात, तसेच श्रिम्पही मरतात. शिवाय ते वाळूत धरून राहते आणि नंतर आणलेल्या श्रिम्पलाही बाधू शकते. त्याहून मोठा धोका मेलेल्या गोगलगायींचा असतो. ट्रम्पेट स्नेल वाळूत झाकण लावून मरतात, आपल्याला दिसत नाहीत, आणि शेकडो शंखांतले मांस एकाच वेळी कुजू लागले की तीस लिटर पाण्यात माशांना विषारी असलेला अमोनिया झपाट्याने चढतो. मग मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. कोणी आधीच औषध टाकले असेल, तर ताबडतोब एक तृतीयांश ते निम्मे पाणी अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवणारे द्रावण) घालून बदलावे, एअर पंप चालू करावा, दिसतील तेवढे शंख काढावेत, माशांना खाणे बंद ठेवावे आणि अमोनिया शून्यावर येईपर्यंत रोज चाचणी करून पाणी बदलत राहावे.

याच संदर्भात गोगलगायींच्या एका वागण्याकडे लक्ष द्यावे. ब्लॅडर स्नेल आणि रॅम्सहॉर्न श्वासासाठी पृष्ठभागावर येतातच, त्यात विशेष काही नाही. ट्रम्पेट स्नेल मात्र कल्ल्याने श्वास घेते. ती भर दिवसा वाळू सोडून मोठ्या संख्येने काचेवर चढू लागली, तर पाण्यात ऑक्सिजन कमी झाला आहे किंवा अमोनिया वाढला आहे असे धरून लगेच चाचणी करावी. हा इशारा माशांना त्रास होण्याच्या आधी मिळू शकतो, आणि म्हणूनही थोड्या ट्रम्पेट स्नेल टाकीत असू द्याव्यात असे मला वाटते.

नवीन वनस्पती आणताना

जेलच्या डबीत मिळणाऱ्या टिश्यू कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, वनस्पतींबरोबर गोगलगायी येत नाहीत. छोट्या टाकीला दोन-तीन डब्या पुरत असल्याने जास्तीची किंमत परवडते. बाकी वनस्पतींची शिसाची पट्टी, कुंडी आणि कापूस काढून टाकावा, नळाखाली प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी चोळून धुवावे आणि दुकानातले पाणी टाकीत ओतू नये.

अॅन्यूबियास, जावा फर्न यांसारख्या जाड पानांच्या वनस्पतींना ब्लीचमध्ये बुडवता येते. पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेले, बिनवासाचे घरगुती ब्लीच ५० मिलिलिटर आणि पाणी ९५० मिलिलिटर हे प्रमाण ठेवावे, घड्याळ लावून दोन मिनिटांत वनस्पती बाहेर काढावी, भरपूर पाण्याने धुवावी आणि अँटीक्लोरीनची दुप्पट मात्रा घातलेल्या बादलीत वास पूर्ण जाईपर्यंत ठेवावी. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि ब्लीच कधीही ॲसिडमध्ये किंवा संडास साफ करण्याच्या द्रवात मिसळू देऊ नये; त्यातून विषारी वायू निघतो. मॉस, व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट या नाजूक वनस्पती ब्लीचने करपतात. त्यांच्यासाठी तुरटी वापरावी: एका लिटरला साधारण एक चहाचा चमचा पूड विरघळवून त्यात काही तास भिजत ठेवावे व स्वच्छ धुवावे. पोटॅशियम परमँगनेटवर मात्र फार भिस्त ठेवू नये. बुळबुळीत आवरणातली अंडी त्यातून वाचतात.

तुरटीतूनही काही अंडी निसटतात, म्हणून खात्रीचा मार्ग वेळेचाच. खिडकीत उजेडाला एक पारदर्शक डबा ठेवून नवीन वनस्पती त्यात तीन-चार आठवडे ठेवाव्यात आणि दर आठवड्याला दिसणाऱ्या गोगलगायी व अंडी काढून पाणी बदलावे.

ओढ्यातून किंवा तळ्यातून वनस्पती, वाळू वा गोगलगायी आणून थेट टाकीत टाकू नयेत. इंडोप्लॅनॉर्बिस आणि लिम्निया या गोगलगायी गुरांच्या रक्तातील व यकृतातील चपट्या कृमींच्या वाहक असतात, आणि अशा पाण्यातल्या काही कृमींच्या अळ्या माणसाच्या त्वचेत शिरून खाज आणतात. पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच वाढलेल्या गोगलगायींपासून ही भीती जवळपास नसते, कारण कृमींचे चक्र पूर्ण करणारे जनावर तिथे नसते. तरीही टाकीत हात घातल्यानंतर साबणाने धुवावेत आणि हाताला जखम असेल तर हातमोजा घालावा.

काढलेल्या गोगलगायी जिवंत असताना गटारात, नदीत किंवा बागेतल्या तळ्यात सोडू नयेत. जाड पिशवीत ठेवून एका फटक्यात चिरडाव्यात आणि कुंडीच्या मातीत चार बोटे खोल पुराव्यात. छाटलेल्या वनस्पती कोणाला देणार असाल, तर आपल्या टाकीत कोणत्या जातीची गोगलगाय आहे ते त्यांना आधी सांगावे आणि वनस्पती पाण्यात न भिजवता ओल्या कागदात गुंडाळून द्याव्यात.